हृदय दादांचं, सही कुणाची?

२०१७ सालच्या पावसाळ्यात सांगलीतल्या आमच्या घरात उशा वाढत गेल्या. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, जून महिन्यात एका उशीवर झोपत होते. नागपंचमीला दोन उशा झाल्या, गणपतीत तीन. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी पलंगच सोडला आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत रात्र काढू लागले. शेजारी चटई टाकून वहिनी झोपत. झोपत कसल्या, जागत. ‘आडवं पडलं की विहिरीत बुडाल्यागत होतंय,’ असं दादा म्हणायचे आणि लगेच ‘पित्त असंल,’ अशी पुस्तीही जोडायचे.

एस. टी.च्या कार्यशाळेत छत्तीस वर्षं काढून दादा फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. गाडी फाटकातून आत येतानाच, नुसत्या आवाजावरून, तिचा कुठला भाग गेलाय ते सांगणारा हा माणूस. स्वतःच्या छातीतल्या यंत्राचा आवाज मात्र त्यांना सहा वर्षं ऐकू आला नव्हता. २०११ साली तासगावला एका लग्नाच्या पंगतीनंतर त्यांना दरदरून घाम फुटला, जबडा दुखला. छातीत फारसं काही नव्हतं. ओवा खाल्ला, सोडा प्यायला, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. मधुमेह जुना होता. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका पुष्कळदा असा चोरपावलांनी येऊन जातो, हे आम्हांला फार उशिरा कळलं.

ऑक्टोबरात पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा बसेना. तेव्हा माझ्या पुतण्याने त्यांना जवळजवळ ओढूनच तपासणीला नेलं. इकोच्या अहवालावर एक आकडा होता : २८ टक्के. वहिनी म्हणाल्या, ‘शंभरात अठ्ठावीस? अहो, पास व्हायला पस्तीस लागतात.’

मी त्या वेळी बँकेच्या कर्ज विभागात होतो. निवृत्तीला जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं. आकड्यांशी जन्माची सोयरीक असल्यामुळे घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे वाचायला येई. हाही आला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी जे वाचलं, विचारलं आणि एका गोष्टीत जे साफ चुकलो, ते आज सांगावंसं वाटतं. मी डॉक्टर नाही. पण अशा घरातला एक माणूस आहे, आणि अशी घरं आज गल्लोगल्ली आहेत.

अठ्ठावीस टक्के म्हणजे काय?

आपलं हृदय मुठीएवढं असतं. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ते आकुंचन पावतं आणि मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त शरीरभर फिरवतं. यातलं मुख्य काम डाव्या जवनिकेचं, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याचं. हा कप्पा भरला की त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं, त्याची टक्केवारी म्हणजे तो इकोवरचा आकडा. धडधाकट माणसातही तो ५५ ते ७० असतो. शंभर कुणालाच मिळत नाहीत. तेव्हा २८ म्हणजे जे काम व्हायला हवं, त्याच्या निम्म्याच्या आसपास होतंय असं समजायचं. आणि गंमत पाहा, वहिनींची ती पस्तीसची रेघ डॉक्टरांच्या जगातही आहे. पस्तीस किंवा त्याखालचं हृदय म्हणजे गंभीर दुबळेपणा, अशी त्यांची ढोबळ विभागणी.

हे होतं कसं? हृदयाला स्वतःचं रक्त ज्या नळ्यांतून मिळतं त्या धमन्यांत चरबीचे थर साचतात. एखादी नळी एकदम बंद पडली की तिच्या हद्दीतला स्नायू काही तासांत मरतो. तिथे नवा स्नायू उगवत नाही, वण धरतो. वण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर जादा काम पडतं, कप्पा हळूहळू ताणला जातो, आणि जो आकार मुळात निमुळता असायचा तो चेंडूसारखा गोल होतो. झडपेला ताणून धरणारे दोरे या ताणात जागेवरून सरकतात, झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं फिरतं. त्याचा तुंबारा फुफ्फुसांत होतो. आडवं पडल्यावर पायातलं पाणीही वर येतं, आणि माणसाला विहिरीत बुडाल्यासारखं वाटतं. दादांच्या तीन उशांचं हे शास्त्र.

अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य धमन्यांत अडथळे निघाले. पाणी काढणाऱ्या गोळ्या आणि हृदयावरचा भार हलका करणारी औषधं सुरू झाली. सूज ओसरली. दादा खुर्चीतून पुन्हा पलंगावर आले. पण दोन उशांच्या खाली काही उतरेनात.

मग प्रश्न आला, पुढे काय? एका डॉक्टरांनी बायपास करून घ्या म्हणून सांगितलं. पुण्याच्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत पडलं, एवढ्या कमजोर हृदयाला टेबलावर घेणं जोखमीचं, औषधांवरच ठेवा. पुतण्याला कुणीतरी हृदय बदलण्याचं सुचवलं. पुतणीने पोटातून वायर काढलेल्या पंपाची माहिती मिळवली. दिवाळीनंतरच्या रविवारी सगळे जमले आणि मला हुकूम झाला, ‘काका, तुम्ही सगळं एका कागदावर मांडा.’ मी मांडलं. कर्जाच्या अर्जावर टिपण करावं तसं : काय मिळणार, केव्हा मिळणार, आधी किती भरावं लागणार, बुडण्याचा धोका किती. त्या टिपणात नंतरच्या वर्षांत निघालेली माहिती घालून ते इथे देतो.

बायपास : पहिला हप्ता जड

बायपास म्हणजे वळणरस्ता. पूल खचला की आपण शेतातून गाडी काढतो, तसं. पायातली शीर किंवा छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी घेऊन अडथळ्याच्या पलीकडे जोडायची. १९६४ साली लेनिनग्राडला वासिली कोलेसॉव्ह यांनी छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडून दाखवली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने पायातली शीर वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली. छातीतल्या धमनीची जोडणी फार टिकाऊ. दहा वर्षांनीही दहांतल्या साधारण नऊ जोडण्या वाहत्या असतात. पायातल्या शिरांपैकी तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या असतात.

पण रस्ता करून उपयोग काय, गावच ओसाड पडलं असेल तर? मेलेला स्नायू बायपासने जिवंत होत नाही. खरी आशा असते ती वेगळ्या स्नायूवर. रक्त अपुरं मिळतंय म्हणून जो काम थांबवून निपचित पडून आहे, पण मेलेला नाही, अशा स्नायूवर. बेडूक जमिनीत दडून उन्हाळा काढतो, तसा. ही कल्पना १९८० च्या दशकात वैद्यकात रुजवली ती शाहबुद्दीन रहीमतुल्ला यांनी. ते मूळचे मुंबईत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत नावारूपाला आलेले हृदयतज्ज्ञ. अशा स्नायूला रक्त मिळालं की त्यातला काही भाग कामावर परततो.

हे सगळं ऐकायला छान. बँकेचा माणूस विचारणार, वसुली किती? त्याचं उत्तर ‘स्टिच’ नावाच्या मोठ्या अभ्यासात मिळालं. हृदयाच्या धमन्यांचा विकार आणि पस्तीस किंवा त्याखालचा आकडा, असे १,२१२ रुग्ण अनेक देशांतून घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला फक्त औषधं, दुसऱ्याला औषधं आणि बायपास. २०११ साली पाच वर्षांचा हिशेब जाहीर झाला. औषधांच्या गटात ४१ टक्के माणसं गेली होती, बायपासच्या गटात ३६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला ठामपणे उतरला नाही आणि पुष्कळांनी बायपासवर काट मारली. पण अभ्यासकांनी खातं बंद केलं नाही. २०१६ मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला. औषधांच्या गटात ६६ टक्के मृत्यू, बायपासच्या गटात ५९ टक्के. आता फरक पक्का होता. मधल्या क्रमांकाच्या रुग्णाचं आयुष्य बायपासने सुमारे दीड वर्षाने वाढलं होतं.

या आकड्यांच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती रुग्णाच्या घरच्यांना कुणी सहसा समजावून सांगत नाही. पहिल्या तीस दिवसांत बायपासच्या गटात शंभरातले जवळपास चार दगावले, औषधांच्या गटात एकच. म्हणजे शस्त्रक्रियेचा पहिला हप्ता जड. तो फिटून दोन्ही पारडी सारखी व्हायला सुमारे दोन वर्षं लागतात. फायदा सुरू होतो तो त्यानंतर. ज्याच्यापुढे दहा-पंधरा वर्षं असण्याची शक्यता आहे, त्याला हा व्यवहार परवडतो. खूप वय झालेल्या किंवा दुसऱ्या व्याधींनी घेरलेल्या माणसाला परवडेलच असं नाही. दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली म्हणून आम्ही चिडलो होतो. प्रत्यक्षात दोघंही एकच ताळेबंद दोन टोकांनी वाचत होते.

‘चिरफाड कशाला, स्प्रिंग बसवा की,’ असंही नातेवाइकांत कुणीतरी म्हणतंच. अँजिओप्लास्टी छातीदुखीवर आणि झटक्याच्या वेळी मोलाची आहे, यात वाद नाही. पण अशा दुबळ्या हृदयासाठी ब्रिटनमध्ये ७०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये आला. उत्तम औषधांना अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. एका गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ३८.

आकार, झडप, पंप आणि परकं हृदय

हृदय चेंडूसारखं फुगलंय ना, मग टाके घालून त्याला पुन्हा निमुळतं का करू नये? मोनॅकोच्या व्हिन्सेंट दोर यांनी १९८० च्या दशकात नेमकं हेच केलं. वणाचा भाग वगळून कप्पा आतून आवळून घेतला. त्याच्या पुढच्या दशकात ब्राझीलच्या रांदास बातिस्ता यांनी फुगलेल्या हृदयाची फाकच कापून काढण्याची शस्त्रक्रिया गाजवली. ती काही वर्षांतच मागे पडली. दोर यांच्या पद्धतीची परीक्षा ‘स्टिच’मध्येच हजार रुग्णांवर झाली आणि २००९ मध्ये निकाल लागला. कप्पा खरोखरच लहान झाला. पण मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे २८ टक्के. चित्र सुधारलं, माणसाचं आयुष्य नाही. आज ही शस्त्रक्रिया मोठा फुगवटा असलेल्या मोजक्या रुग्णांतच करतात.

गळक्या झडपेचंही तसंच. गळती तीव्र असेल तर बायपास करतानाच झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. मध्यम गळतीत मात्र ३०१ रुग्णांच्या अभ्यासात जादा दुरुस्तीने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून झडपेच्या दोन पाकळ्यांना चिमटा लावण्याची सोयही आता आहे. २०१८ च्या एका अभ्यासात, काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांत, दोन वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण तिच्यामुळे ४६ टक्क्यांवरून २९ वर आलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात फायदा दिसला नाही. निवड कुणाची करायची, यातच सगळं आलं.

आता हृदय बदलणं. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ज्यांचं हृदय बदललं ते लुई वॉशकान्स्की म्हणजे दादांच्याच दुखण्याचे रुग्ण. हृदयविकाराच्या झटक्यांनी हृदय निकामी झालेलं. ते अठरा दिवस जगले. जेमतेम अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला, पण ते धाडस केवढं मोठं! मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे १९९४ साली झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी रोपण केलं. मुंबईला ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला. पुण्यातल्या दात्याचं हृदय रस्ते मोकळे करून, विमानाने मुलुंडला नेलं गेलं.

आज जगभरात हृदयरोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं बारा वर्षांपलीकडे जातात. यापेक्षा चांगला परतावा देणारा उपाय नाही. पण काढलेलं हृदय साधारण चार तासांत जोडावं लागतं, शरीराने ते नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात, आणि मुख्य म्हणजे हृदयं मिळत नाहीत. रांगेतली माणसं शेकड्यांनी, दाते बोटांवर मोजण्याइतके. अडुसष्ट वर्षांच्या, मूत्रपिंडं कुरकुरू लागलेल्या दादांचं नाव त्या रांगेत लागणंच कठीण होतं.

राहिला पंप. डाव्या जवनिकेच्या टोकाला बसवलेलं छोटं यंत्र रक्त ओढून थेट महाधमनीत सोडतं. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेला बॅटऱ्या. २००१ सालच्या अभ्यासात, रोपण शक्य नसलेल्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी औषधांवर वर्षभर तगले ते २५ टक्के, पंपावर ५२ टक्के. आजच्या सुधारलेल्या पंपावर पाच वर्षांनी ५८ टक्के रुग्ण हयात असतात. मात्र रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पक्षाघाताची टांगती तलवार असते, आणि आपल्याकडे खर्च कोटीच्या घरात जातो. आयुष्यभर ज्यांनी घरभाडं आणि मुलांच्या फिया यांची तोंडमिळवणी केली, त्यांच्या टिपणात ही ओळ लिहिताना माझा हात थबकला होता, हे कबूल करतो.

छातीत कातडीखाली बसवायचा, घातक ठोके आले तर झटका देऊन ते सुधारणारा यंत्रोपचारही टिपणात होता. तो हृदयाची ताकद वाढवत नाही, अचानक मृत्यू टाळतो. एक प्रकारचा विमाच.

‘कर्जदार कुठाय?’

असं चार पानी टिपण मी त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. चर्चा झाली. पुतण्या बायपासच्या बाजूने, पुतणी विरुद्ध. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. दीड तासाने बायपासवर एकमत झालं. कुणी कुठली रजा घ्यायची, रक्ताची सोय कोण बघणार, इथवर आम्ही पोचलो होतो.

मधल्या खोलीचं दार उघडं होतं. आत पलंगावर दोन उशांना टेकून दादा बसलेले होते. ते उठले, भिंतीचा आधार घेत बाहेर आले, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. धाप निवू दिली. मग टिपणावर बोट ठेवून मला म्हणाले, ‘काय रे, तुझ्या बँकेत कर्जदाराला न विचारता कर्ज मंजूर करतात का?’

कुणीच बोललं नाही.

‘चार पानं वाचलीस. माझं नाव कितीदा आलं? आलं ते सगळं रुग्ण, रुग्ण. कर्जदार कुठाय तुझा? सही कुठं करायची मी?’

वाचकहो, चौतीस वर्षांच्या नोकरीत मी सहीशिवाय एक कागद पुढे सरकवला नाही. जामीनदार कितीही बडा असला तरी कर्जदार समोर बसवायचा, त्याला विचारायचं, पैसा कशाला हवाय, फेडणार कसा. हा आमचा पहिला धडा. आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत मी आधी जामीनदारांची सभा भरवली होती. आम्ही दुष्ट नव्हतो. त्यांना त्रास नको, घाबरतील, असंच सगळ्यांच्या मनात होतं. आपल्या घरांतून ही माया फार. पण तिच्यामुळे ज्याच्या छातीवर सुरी चालायची, तोच दाराआडून आपला निकाल ऐकत असतो.

‘तुम्हांला काय हवंय, दादा?’ मी विचारलं. हे मी महिन्यापूर्वीच विचारायला हवं होतं.

ते म्हणाले, ‘मला आडवं पडून झोपायचंय. आणि हिला,’ वहिनींकडे बोट करून, ‘हिलापण. किती जगायचं ते नंतर बघू.’

दीड वर्ष, दहा वर्षं, एकूणसाठ टक्के... माझ्या चार पानांत झोपेला रकानाच नव्हता.

टेबलाच्या दोन बाजू

पुढच्या आठवड्यात शल्यविशारदांसमोर दादा मधल्या खुर्चीत बसले. आम्ही मागे उभे. त्यांनी तीन प्रश्न विचारले, तेही यंत्राबद्दल विचारावेत तसे.

‘डॉक्टरसाहेब, इंजिन उघडल्यावर सुधारणार किती?’

डॉक्टर म्हणाले, ‘नवं होणार नाही. जो स्नायू नुसता दबलाय तो सुटेल. अठ्ठावीसचे पस्तीस-चाळीस झाले तर मी खूश. नाही वाढले तरी पुढचे झटके टळायला मदत होते.’

‘नाही उघडलं तर?’

‘औषधांवरही माणसं जगतात. तुम्हांला साखर आहे, तिन्ही नळ्या खराब आहेत, म्हणून माझा कल बायपासकडे आहे. पण तुमच्यासारख्या शंभरांत पाच-सहा आमच्या हातून वाचत नाहीत, हेही सांगतो.’

तिसरा प्रश्न दादांनी जरा खालच्या आवाजात विचारला. ‘आणि आत काही बिघडलं, तर मशीनवर मला किती दिवस ठेवणार?’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘हे तुम्ही आत्ता, यांच्यासमोर सांगा. म्हणजे त्या वेळी यांना ठरवावं लागणार नाही.’

दादांनी सांगितलं. काय सांगितलं ते आमच्या घरातच राहू दे. पण त्यानंतर वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. एक निर्णय त्यांच्या माथ्यावरून उचलला गेला होता. संमतिपत्रावर दादांनी स्वतः सही केली, कार्यशाळेच्या नोंदवहीत गाडी पास करताना करायचे तशी, पूर्ण नाव आणि खाली तारीख.

डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. पाच तास. तीन जोडण्या, त्यांतली एक छातीतल्या धमनीची. झडपेची गळती मध्यम होती, तिला हात लावला नाही. दोन दिवस महाधमनीत फुग्याचा पंप ठेवून हृदयाला टेकू द्यावा लागला. मूत्रपिंडांनी एकदा घाबरवलं. चौदाव्या दिवशी घरी आले, चिपाडासारखे. खोकला आला की छातीशी उशी धरायचे. त्या महिन्यात त्यांनी दोनदा मला सुनावलं, की उगाच केलं. पहिला हप्ता जड असतो, हे लिहिणं वेगळं आणि बघणं वेगळं.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ‘भावजी, काल रात्री एका उशीवर झोपले. मी दोनदा उठून बघितलं, श्वास चाललाय ना म्हणून.’ सहा महिन्यांनी इको झाला. आकडा ३६. वहिनींनी पेढे वाटले. पास झाले होते.

बायपासने हृदयाचं दुखणं मुळातून जात नाही. गोळ्या चालूच राहतात आणि त्या सोडल्या की सगळं पाण्यात जातं. २०२० मध्ये त्यांत एकीची भर पडली. मुळात मधुमेहाची, पण दुबळ्या हृदयालाही उपयोगी पडते असं २०१९ च्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झालेली. मीठ मोजून, पाणी मोजून, रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी समजायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दादा रोजचं वजन लिहायचे. सहा वर्षांची ती कॅलेंडरं वहिनींनी ठेवली आहेत.

२०२३ च्या पावसाळ्यात उशा परत आल्या. या वेळी कुणी टेबलावर सभा भरवली नाही. सगळे पलंगाभोवती बसलो आणि त्यांना विचारलं. त्यांनी औषधं वाढवायला होकार दिला, अतिदक्षता विभागाला नकार. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, ते घरी गेले. शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षं आणि दोन महिने मिळाले. औषधांवर ठेवलं असतं तर किती मिळाले असते? ते कुणालाच सांगता येणार नाही. अभ्यास हजारांचा हिशेब देतो, एका माणसाचा देत नाही.

जाता जाता

आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे बायपास पुष्कळांच्या आवाक्यात आली आहे. त्यामुळे माझ्यासारखं टिपण करण्याची पाळी तुमच्यावरही येऊ शकेल. तेव्हा डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : आत्ताची औषधं पूर्ण मात्रेत देऊन झाली का? हृदयातला किती स्नायू जिवंत आहे? या रुग्णाला, या वयात, शस्त्रक्रियेचा पहिल्या महिन्यातला धोका किती? फायदा केव्हापासून दिसेल? काही बिघडलं तर पुढची पायरी कोणती? निर्णय शक्यतो हृदयाचे डॉक्टर आणि शल्यविशारद या दोघांनी मिळून दिलेला असावा.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. त्याला पैसे लागत नाहीत आणि ते आमच्याकडून राहून गेलं होतं. खुर्ची उचला, आतल्या खोलीत जा, पलंगाशेजारी बसा, आणि त्या माणसाला विचारा की त्याला काय हवंय. उत्तर यायला वेळ लागेल. धाप लागलेली असते.